नावाने ओळखणारा देव : ख्रिस्ती निश्चितीचा अर्थ

वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी या गावाचे नाव शासकीय कागदपत्रांत 'आंजी (मोठी)' असे लिहिले जाते. एकाच नावाच्या गावांची गल्लत होऊ नये म्हणून महाराष्ट्रात कोठे मोठी-लहान, तर कोठे बुद्रुक-खुर्द अशी जोड देण्याची रीत आहे. बुद्रुक व खुर्द हे शब्द मुळात फारसी असून त्यांचा अर्थही मोठा आणि लहान असाच आहे. माणसाच्या बाबतीत हेच काम सातबारा, शिधापत्रिका व शाळेचा दाखला करतात. ही ओळख आवश्यक आहे, परंतु ती माणसाला इतरांपासून केवळ वेगळे करते. पवित्र शास्त्र ज्या ओळखीविषयी बोलते ती निराळी आहे.

हिब्रू भाषेत 'ओळखणे' या क्रियापदात निकटचा संबंध आणि आपलेपणा अभिप्रेत असतो. यशयाच्या ग्रंथातील ४३ व्या अध्यायात देव आपल्या प्रजेला नावाने हाक मारून ती आपलीच असल्याचे सांगतो. ज्यांना हे सांगितले जाते ते लोक बाबेलच्या बंदिवासात आहेत. त्यांचे मंदिर उद्ध्वस्त झाले आहे व देवाने आपल्याला टाकले, असे त्यांना वाटते आहे. ४९ व्या अध्यायात हीच तक्रार ऐकून देव आईचे उदाहरण देतो. योहानाच्या शुभवर्तमानातील १० व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवतो आणि तो आपल्या मेंढरांना नावाने बाहेर बोलावतो. आर्वीकडच्या भागात गवळाऊ गाई पाळल्या जातात. गुराख्याच्या हाकेला कळपातील नेमके एकच जनावर मान वळवते, हे तेथील वाचकाला आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (४:९) संत पौल तर स्वतःचे वाक्यच मध्येच दुरुस्त करतो. तुम्ही देवाला ओळखता, असे तो लिहितो आणि लगेच म्हणतो की, खरे पाहता देवाने तुम्हाला ओळखले आहे. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म त्या दुरुस्तीत आहे. आपली देवावरील पकड सैल होऊ शकते, परंतु निश्चितीचा आधार त्या पकडीवर नाही.

ख्रिस्तसभेत ही ओळख बाप्तिस्म्याने प्रत्यक्षात येते. बालकांच्या बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना प्रथम बालकाचे नावच विचारतो. या साक्रामेंताने आत्म्यावर कायमची मुद्रा उमटते, असे त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५४७ साली स्पष्ट केले. परंतु ही शिकवण त्याहून पुष्कळ जुनी आहे. संत ऑगस्टीनने सैनिकाच्या अंगावरील चिन्हाचा दाखला दिला होता. पळून गेलेला सैनिक परत आला तर त्याला पुन्हा चिन्ह दिले जात नाही, कारण पहिले पुसलेलेच नसते. म्हणूनच बाप्तिस्मा दुसऱ्यांदा दिला जात नाही. वीस वर्षे मंदिराची पायरी न चढलेल्या व्यक्तीने परत येताना प्रायश्चित्त संस्कार घ्यावा. बाप्तिस्म्याची मागणी करू नये. अन्य ख्रिस्ती पंथात पाण्याने व त्रैक्याच्या नावाने विधिवत झालेला बाप्तिस्माही कॅथलिक ख्रिस्तसभा ग्राह्य मानते. बाप्तिस्म्याची नोंद तो जेथे झाला त्या धर्मग्रामाच्या वहीत राहते आणि पुढे दृढीकरण, विवाह किंवा गुरुदीक्षा कोठेही झाली तरी त्याची टीप त्याच नोंदीसमोर लिहिली जाते (धर्मविधी संहिता, कलम ५३५). पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या आमच्या तरुणांनी हे ध्यानात ठेवल्यास विवाहाच्या वेळची धावपळ वाचेल.

'माझे तारण झाले आहे, हे मला पक्के ठाऊक आहे' असे म्हणणारे बांधव आपल्याला भेटतात व कॅथलिक तसे का म्हणत नाहीत, असा प्रश्न विचारतात. आपण कृपेच्या अवस्थेत आहोत हे कोणीही अचूक श्रद्धाज्ञानाने जाणू शकत नाही, असे त्रेंतने १५४७ मध्ये शिकवले. मात्र त्याच परिषदेने देवाच्या दयेविषयी व ख्रिस्ताच्या पुण्याईविषयी शंका घेण्यासही मनाई केली. संशय स्वतःविषयी असावा, देवाविषयी नसावा. १४३१ साली न्यायसभेत संत जोनला, तू कृपेत आहेस काय, असा पेचात टाकणारा प्रश्न विचारला गेला. तिने 'होय' किंवा 'नाही' न म्हणता दोन्ही शक्यता देवावर सोपवल्या. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लुथरन यांनी नीतिमत्त्वाविषयी जे संयुक्त घोषणापत्र स्वीकारले, त्यात निश्चितीवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. मेथडिस्ट मंडळ्यांनी २००६ साली त्याला संमती दिली. जुना वाद पूर्ण मिटला असे नाही, परंतु एकमेकांना दूषण देण्याचे कारण उरलेले नाही.

मराठी भूमीतील याचा ठळक अनुभव पंडिता रमाबाईंचा होय. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र नंतर भेटला, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात दिली. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. तरीही बाप्तिस्म्याची मुद्रा आणि तिची मनाला पटणारी जाणीव यांत काळ जाऊ शकतो, हे त्यांच्या साक्षीतून कळते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवांना आणून आश्रय दिला. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता.

विदर्भात या शिकवणीची खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागते. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्ज आणि नापिकी यांनी खचलेल्या माणसाला प्रथम वाटते ते हेच की, आपल्याला कोणी ओळखत नाही. अशा घरातील विधवा धर्मगुरूला विचारते, 'फादर, देवाने त्यांना टाकलं का?' १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, त्याने पश्चात्तापाचे चिन्ह दाखवले नसल्यास, ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेच्या यादीत (कलम ११८४) ते कारण नाही. आत्महत्या हे गंभीर पाप आहे, ही शिकवण कायम आहे. परंतु तीव्र मनोव्यथा, भय वा यातना यांमुळे जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (परिच्छेद २२८२-२२८३). तेव्हा त्या भगिनीला 'नाही' असे उत्तर देण्यास धर्मगुरूने कचरू नये. त्या घरचा अंत्यविधी इतरांसारखाच होतो. शवपेटीवर बाप्तिस्म्याची आठवण म्हणून पवित्र पाणी शिंपडले जाते आणि प्रार्थनेत मृताचे नाव घेतले जाते.