पावसाळ्यात चालणारी बोट

मी बुलडाणा जिल्ह्यातला. आमच्याकडचे पाणी म्हणजे पूर्णा, पैनगंगा आणि लोणारचे ते खारट सरोवर. पूर्णेवर पूल नव्हते तेव्हा माणसे डोंग्यातून पलीकडे जात, बैल पोहत येत. समुद्राशी आमचे नाते जुळले ते कापसामुळे. 1870 साली जलंब-खामगाव रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो खामगावच्या बाजारातला कापूस मुंबईच्या बंदराकडे लवकर जावा म्हणून. कापसाने समुद्र पाहिला, पिकवणाऱ्याने नाही पाहिला. तेव्हा बोटींविषयी मी बोलावे हे तुम्हाला जरा नवल वाटेल. पण मांडव्याच्या बोटीने मला बोलते केले.

ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटते. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. लोक त्यांना ‘भाऊ रसूल’ म्हणत. एका हिंदू गृहस्थाला हे नाव चिकटले आणि कुणाला त्यात काही खटकले नाही, असेही दिवस या शहराने पाहिले आहेत. त्यांनी बांधलेला मूळ धक्का आजच्या जागी नाही; नाव मात्र टिकले.

याच भाऊच्या धक्क्यावरून 17 जुलै 1947 रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी श्रावण लागणार, म्हणून घरी निघालेल्यांची गर्दी. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. बंदराबाहेर वादळी पावसाने गाठले. लाटेचे पाणी आत येताच माणसे भिऊन एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असे वाचलेल्यांनी सांगितले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईला बातमी कळेपर्यंत दुपार झाली होती. ज्या कंपनीने ही बोट आणली, तिला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावे होती. ‘तुकाराम’ नावाची बोट तर त्याआधीच, 1927 साली बुडाली होती. रायगडच्या किनाऱ्यावर हा विषय निघाला की आजही आवाज खाली येतो.

म्हणून मांडव्याची बोट मला महत्त्वाची वाटते. गेट वेवरून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात. ही बोट मात्र पावसाळ्यातही चालावी म्हणूनच आणली गेली. 2019 साली ग्रीसमध्ये बांधलेली, नाव ‘प्रोटोपोरस’. ग्रीक भाषेत याचा अर्थ पुढे जाऊन वाट काढणारा. मांडव्याला लाटा अडवण्यासाठी समुद्रात बंधारा घालावा लागला, मगच अशी बोट तिथे लागू शकली.

तिचे काम तसे साधे. धक्क्याला लागली की फळी, म्हणजे रॅम्प, खाली येते आणि मोटारी, मोटारसायकली, सायकली आपल्या चाकांवर आत शिरतात. खलाशी हाताने खुणा करून एकेक गाडी जागेवर लावून घेतो, कारण वजन दोन्ही बाजूंना सारखे पडले पाहिजे. हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचे आणि वर जाऊन बसायचे. गाडी लावणारा तो खलाशी पाहताना माझ्या मनात ‘रामदास’च होती.

वेगाची गंमत पाहा. ही बोट 14 नॉटने जाते, म्हणजे ताशी सुमारे 26 किलोमीटर. आमची एस.टी.सुद्धा तिला मागे टाकील! पण रस्त्याने खाडीला वळसा घालून मुंबईहून मांडवा शंभराहून अधिक किलोमीटर पडत होते आणि तीन-चार तास जात. पाण्यावरून ते अंतर जेमतेम 18-19 किलोमीटर, म्हणजे तासाभराचे.

तिचे नशीब मात्र खडतर. 15 मार्च 2020 रोजी सेवा सुरू झाली आणि दहा दिवसांच्या आत देश बंद झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, ती पुन्हा निघाली. मग 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी पूल खुला झाला आणि रस्त्याचा वळसा बराच कमी झाला. पूल आला की नावाड्याचे काय होते, ते पूर्णेकाठच्या माणसाला सांगायला नको. पण बोट थांबली नाही. पुलावरून गाडी आपणच हाकावी लागते. बोटीत चालक डुलकी काढतो, हा माझा हिशेब.

तळकोकणातला माणूस मात्र जुन्या आगबोटींची आठवण काढतो. मुंबईहून किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या त्या बोटी रस्ते झाल्यावर बंद पडल्या. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तोवर त्यांचे दिवस संपलेच होते. 2025 साली जयगड आणि विजयदुर्गसाठी ‘एम टू एम प्रिन्सेस’ या गाड्या नेणाऱ्या बोटीची घोषणा झाली. वेग 25 नॉट, म्हणजे ताशी 46 किलोमीटर. आता एस.टी.ला जरा जोर लावावा लागेल.