होडीतल्या निरीक्षकासाठी

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ॲडिरॉन्डॅक हा डोंगराळ मुलूख आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ मागे हटला, त्यानं मागे ठेवलेल्या खोलगटांत पाणी साठलं, आणि आज इथे लहानमोठी मिळून ३,०००हून अधिक तळी आहेत. १८९२ साली या प्रदेशाला उद्यानाचा दर्जा मिळाला. इथलं सरकारी वन कायम रानच राहील, असं १८९४मध्ये राज्यघटनेतच लिहिलं गेलं. त्यामुळे कित्येक तळ्यांपर्यंत अजूनही रस्ता नाही. होडी पाण्याबाहेर काढायची, डोक्यावर घेऊन रानातून चालायचं आणि पुढच्या तळ्यात सोडायची, हाच इथला प्रवास. ‘नेसमुक’ या नावानं लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स १८८३मध्ये वयाची साठी उलटल्यावर ही तळी हिंडले. त्यांची होडी जेमतेम पावणेपाच किलो वजनाची होती!

वल्हवत जाऊन प्राणी पाहणं याला अभ्यास म्हणावं का? माझ्या मते नि:संशय म्हणावं. होडीला इंजिन नसतं, बसणारा पाण्यालगत असतो, आणि काठावरून जिथे पोचताच येत नाही तिथे तो सहज पोचतो. मात्र या जवळिकीमुळेच प्राण्याचं वागणं बदलतं. समोर दिसतंय ते त्याचं रोजचं जगणं, की आपल्या येण्याला दिलेलं उत्तर? या शास्त्राची सुरुवात या प्रश्नापासून होते.

लून पक्षी घ्या. पाठीवर काळ्यापांढऱ्या चौकटी, उन्हाळ्यात लालभडक डोळे. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, याची बरीचशी भरीव. पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला. बुडी मारायला ही ठेवण उत्तम, पण जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. म्हणून घरटं अगदी पाण्याच्या कडेला, बहुधा दोन अंडी, आणि होडीतून येणाऱ्याच्या थेट नजरेसमोर. होडी जवळ आली की अंड्यांवर बसलेला पक्षी मान लांब करून जमिनीलगत टेकवतो. नवख्याला वाटतं, पेंगतोय. तो खरं तर लपत असतो. आणखी पुढे गेलात तर तो पाण्यात उतरेल आणि अंडी उघडी पडतील. डोमकावळे आणि रॅकून अशा संधीची वाटच पाहत असतात.

आवाजाचंही तसंच. लांबवर जाणारा हेल एकमेकांचा ठाव घेण्यासाठी, बारीक हुंकार घरच्यांसाठी, चढउतारांची आरोळी फक्त नराची, हद्द सांगणारी. चौथा आवाज थरथरत्या हसण्यासारखा. पाहुणे तो हौसेनं रेकॉर्ड करतात. पण तो बऱ्याचदा भीतीचा असतो. तो होडीसमोर ऐकू आला की वल्हं उलटं मारून मागे फिरावं. त्या घटकेला दुसरं कोणतंही निरीक्षण महत्त्वाचं नाही.

बीव्हरनं संध्याकाळी शेपटी पाण्यावर आपटली, तर साऱ्या कुटुंबाला तुमची वर्दी मिळाली असं समजा. बेसुमार शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथले बीव्हर जवळजवळ संपले होते. विसाव्याच्या सुरुवातीला बाहेरून आणून सोडल्यावर त्यांनी पुन्हा बांध घातले. मूस हे महाकाय हरीणही इथून नाहीसं होऊन शतकाहून अधिक काळानं, १९८०च्या सुमारास, आपल्या पायांनी परतलं. उन्हाळ्यात ते पोटापर्यंतच्या पाण्यात उभं राहून पाणवनस्पती खातं, कारण झाडपाल्यात फारसं न मिळणारं सोडियम तिथे मिळतं. त्याला तिथून उठवणं म्हणजे त्याचं मीठ तोडणं.

न्यू जर्सी, बोस्टन, टोरांटो इथले अनेक मराठी वाचक सुट्टीत अशा तळ्यांवर जातात. त्यांचं या अभ्यासात मनापासून स्वागत आहे. महागडी दुर्बीण नसली तरी चालेल, नोंदवही मात्र हवी. तारीख, वेळ, वारा, प्राणी आणि अंतर यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: ‘त्या वेळी मी काय करत होतो?’ तो कधीही रिकामा सोडू नका, एवढीच विनंती.