आकड्यांचा नमस्कार

मंडळींनो, आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. सुट्टी संपवून भारतातून इथे परत आलो की घरी फोन लावायचा, तिकडे तीन वेळा घंटा वाजू द्यायची आणि कुणी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. पैसेही वाचत आणि निरोपही पोचे: विमान उतरले, आम्ही सुखरूप. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना शेजारचे काका येऊन सांगत, "तुमच्या तीन घंटा वाजल्या हो!"

ही अक्कल फक्त आपल्यालाच, असे आम्हाला तेव्हा वाटे. पण जपानमधल्या शाळकरी मुलींनी अशाच युक्तीची चक्क भाषा बनवली. तिची ही गंमतशीर हकिकत.

टोकियोत १९६८ साली पेजरची सेवा सुरू झाली. जपानी लोक त्याला 'पोकेबेरु' म्हणत. 'पॉकेट बेल'चे हे त्यांचे रूप. आरंभी ते यंत्र नुसते वाजे. वाजले की माणसाने सार्वजनिक फोन शोधायचा आणि कचेरीला विचारायचे, काय काम काढलेत? १९८० च्या दशकात त्याच्या पडद्यावर आकडे दिसू लागले. हेतू एवढाच, की उलट फोन कुठल्या नंबरावर करायचा ते कळावे. १९९० च्या दशकात मात्र हे यंत्र साहेबलोकांच्या कमरेवरून मुलींच्या दप्तरात गेले. फोन नंबर पाठवण्यात त्यांना कसला रस! त्यांनी आकड्यांतूनच बोलायला सुरुवात केली.

हे जमले ते जपानी भाषेमुळे. तिथे एकाच आकड्याचे उच्चार अनेक. चार म्हणजे 'योन' आणि 'शि'ही. त्यांचे तुकडे जोडून शब्द करण्याच्या खेळाला 'गोरोआवासे' म्हणतात. आपणही छत्तीसचा आकडा म्हणतोच, पण तो तीन आणि सहा यांनी एकमेकांकडे पाठ फिरवल्यामुळे, म्हणजे आकाराचा विनोद. त्यांचा विनोद कानाचा. ०८४० म्हणजे 'ओहायो', सुप्रभात. ४६४९ म्हणजे 'योरोशिकु', लोभ असावा. ३९ म्हणजे 'सान-क्यू', अर्थात इंग्रजी थँक यू! आणि १४१०६ म्हणजे 'आइशितेरु', माझे तुझ्यावर प्रेम आहे. अजूनही दर महिन्याच्या २९ तारखेला तिथली काही दुकाने मांस स्वस्त विकतात, कारण 'नि-कु' म्हणजे मांस.

शाळेच्या मधल्या सुट्टीत सार्वजनिक फोनपुढे मुलींच्या रांगा लागत आणि त्यांची बोटे खटाखट बटणे दाबत. बापाने तो पडदा पाहिला तरी त्याला कुठला तरी नंबरच दिसणार!

पुढची गोष्ट शिगेताका कुरिता यांची. एका पेजरवर हृदयाचे चिन्ह होते आणि ते तरुणांना फार आवडे. नव्या पेजरातून कंपनीने ते काढले, तेव्हा पुष्कळ तरुण ग्राहक दुसरीकडे गेले, असे कुरितांनी मुलाखतींत सांगितले आहे. त्या इवल्याशा बदामाची किंमत त्यांनी लक्षात ठेवली. एनटीटी डोकोमो कंपनीने १९९९ साली मोबाइलवर 'आय-मोड' सेवा आणली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी १७६ चित्रे केली. प्रत्येक चित्र १२ बाय १२, म्हणजे १४४ ठिपक्यांचे. ऊन, पाऊस, राशी, हृदय, भंगलेले हृदय. याआधी, १९९७ साली, दुसऱ्या एका जपानी कंपनीच्या फोनात ९० चित्रे आली होती. त्यांत एक चक्क शेणाच्या पोसारखे दिसणारे, पण शेणाचे नव्हे! जपानी मुलांच्या चित्रकथांत या विषयाचे वावडे कधीच नव्हते. 'इमोजी' शब्दही जपानीच: 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. २०१० मध्ये ही चित्रे जगभरच्या संगणकांच्या सामाईक लिपीत दाखल झाली आणि २०१६ साली कुरितांची १७६ चित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली.

पोकेबेरुची शेवटची सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये बंद पडली. तेव्हा टोकियोच्या अकिहाबारा स्थानकाजवळ एका अंत्यसंस्कार कंपनीने मांडव घातला आणि लोकांनी येऊन पेजरला फुले वाहिली! ऐकून हसू येते. पण आमच्या घरातला तो जुना काळा फोन टाकून देताना आमचाही हात अडखळला होताच की.

आज भारतातली आजी रोज सकाळी जोडलेले हात पाठवते. तिच्या लेखी तो नमस्कार. जपानमध्ये तीच खूण 'कृपा करा', 'आभारी आहे', 'चुकलो' अशा अर्थांनी वापरतात. इथली नातवंडे उत्तरादाखल एक बदाम पाठवतात आणि दोन्हीकडचे समाधान होते. देवनागरी न येणाऱ्या नातवाला आजीपर्यंत पोचायला ही वाट मिळाली, हे काही थोडके नाही. पण कुरितांनी चित्रे काढली ती शब्दांना सोबत म्हणून, शब्दांच्या जागी नव्हेत. आणि ०८४० लिहिणाऱ्या त्या मुलींच्या मनात आधी 'ओहायो' हा शब्द होता, म्हणूनच त्या आकड्यांना अर्थ आला.

म्हणून सभासदांना एकच सुचवतो. नातवाने बदाम पाठवला की शेजारी 'आजी' एवढी दोन अक्षरे त्याच्याकडून लिहून घ्या. चुकली तरी चालतील. तीन घंटांनंतर कधीतरी आपणही पूर्ण पत्र लिहीतच होतो ना?

कळावे, लोभ असावा. किंवा थोडक्यात, ४६४९!