क्रॉफर्डसाहेबाचा कारभार
मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाजावर लॉकवूड किपलिंगने घडवलेली शेतकऱ्यांची शिल्पं आजही दिसतात. १८६९ साली उभी राहिलेली ही मंडई म्हणजे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या सढळ हाताची खूण. त्याने शहर स्वच्छ केलं, पण तिजोरीवर भलताच भार टाकला.

१८७१मध्ये करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहतांनी मात्र म्युनिसिपालिटीत लोकनियुक्त सभासदांची मागणी लावून धरली; रोगाचं मूळ माणसात नसून व्यवस्थेत आहे, हे त्यांनीच ओळखलं होतं. १८७२च्या कायद्याने ६४पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले.

१८८८मध्ये पुण्यात हाच क्रॉफर्ड लाचखोरीच्या आरोपात सापडला. सरकारकडून अभय मिळालं म्हणून मामलेदारांनी त्याला पैसे दिल्याचं कबूल केलं. चौकशीत लाच शाबीत झाली नाही. हाताखालच्या मुलखात कर्ज काढल्याबद्दल त्याची नोकरी गेली. काही मामलेदारांनाही सरकारने दिलेला शब्द मोडून घरी बसवलं. हा उघड अन्याय होता. टिळक त्यांच्यासाठी उभे राहिले.