घराची सांगितलेली किंमत कधी उतरवावी?

घर विकायला काढून महिने लोटले तरी व्यवहार जुळत नाही, तेव्हा किंमत उतरवण्याचा सल्ला सर्वप्रथम मिळतो. तो मानण्यापूर्वी गिऱ्हाईक कोणत्या टप्प्यावर माघार घेते, हे पाहणे अगत्याचे आहे.

चौकशीच होत नसेल किंवा घर पाहून गेलेले लोक पुन्हा फिरकत नसतील, तर किंमत बहुधा चढी आहे. परिसरात अलीकडे नोंदवलेल्या विक्रीखतांतील दर हा तिच्या पडताळणीचा खरा आधार. शेजाऱ्याने ऐकीव सांगितलेला आकडा नव्हे. तफावत दिसल्यास वरचेवर थोडेथोडे उतरण्यापेक्षा एकदाच ठोस कपात करावी.

कागदपत्रे पाहून गिऱ्हाईक मागे सरत असेल, तर मात्र दोष किमतीचा नाही. गोव्यात वडिलोपार्जित घराच्या विक्रीला सर्व वारसदारांची, आणि सामान्यतः त्यांच्या पती-पत्नींचीही, संमती लागते. नमुना १ व १४ वरील जुनी नावे, अपुरी राहिलेली इन्व्हेंटरी किंवा मुंडकाराचा हक्क यांचा निकाल कपातीने लागत नाही. घर स्वस्तात जाते आणि अडचण तशीच राहते.

कपातीला करविषयक मर्यादाही आहे. मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य विक्रीच्या किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असल्यास विक्रेत्याचा भांडवली नफा त्या मूल्यावरूनच मोजला जातो. हाती न आलेल्या रकमेवरही कर बसतो. म्हणून उपनिबंधक कार्यालयातून हे मूल्य आधी जाणून घ्यावे आणि मगच नवा आकडा सांगावा.