स्कोअरबुकात नसलेला रकाना

१८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोकडून अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये ४२ सामने खेळला. कृष्णवर्णीय, आणि कॅचर. म्हणजे कसला चेंडू टाकायचा याची खूण तो करणार, पिचरने ती बघायची. टोनी मुलेन ती बघायचाच नाही. कारण वॉकरचा रंग. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं, वर वॉकर उत्तम कॅचर होता असंही म्हणाला! आता गंमत बघा. कॅचरकडून सुटलेला चेंडू कॅचरच्याच नावावर लागतो; खूण झुगारणाऱ्यासाठी रकानाच नाही. त्यामुळे आकडे वाचताना मुलेनची कबुली शेजारी हवीच.

१८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार थांबवले. वॉकर तेव्हा त्याच लीगमध्ये, नेवार्ककडून खेळत होता.