खानेसुमारी

'जनगणना' हा शब्द रुळण्याआधी मराठीत या कामाला 'खानेसुमारी' म्हणत. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजदाद. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे, पेशवाईतल्या कागदांतही भेटतो. मला तो फार आवडतो. कामाचा क्रम त्या शब्दातच सांगून टाकलाय: माणसं मोजायची तर आधी घरं मोजा. पुढे 'शिरगणती' आली, मग 'जनगणना', आणि शब्दातून घर निघून गेलं. कामातून मात्र गेलं नाही. आजही आधी घरयादी होते आणि काही महिन्यांनी त्या यादीवरून माणसं मोजली जातात.

आता आमच्या नगर जिल्ह्यातला एखादा पत्ता घ्या. नाव, मग मु., पो., ता., जि. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. यात घर कुठे आहे? कुठेच नाही. पत्र गावात पोचलं की पुढचं पोस्टमनच्या डोक्यात. नगर शहरात तरी काय वेगळं होतं? दिल्ली दरवाजा, माळीवाडा, तोफखाना, आणि मग 'अमक्याच्या वाड्यामागे'. आपला पत्ता घराचा नसतोच मुळी, माणसाचा असतो. ओळखीवर चालतो.

मोजणाऱ्याचं मात्र ओळखीवर भागत नाही. त्याला अशी यादी लागते की ज्यात प्रत्येक घर आहे आणि एकदाच आहे. नाहीतर एक घर दोनदा मोजलं जातं आणि एक राहूनच जातं. नमुना पाहणीत तर हे आणखी अडतं. गावातली दहा घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, तर सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या आधी हव्यात ना! ज्याची चिठ्ठीच नाही त्याचा नंबर कधीच लागणार नाही.

काही देशांनी अशी यादी कायमची ठेवलीय. डेन्मार्कने १९८१ ची जनगणना कुणाचंही दार न वाजवता नुसत्या नोंदवह्यांवरून केली. ब्रिटनने २०११ च्या जनगणनेसाठी टपालखातं, नकाशाखातं आणि स्थानिक संस्था यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पत्त्यांचं एक रजिस्टर बनवलं. आपल्याकडे दर खेपेला पाटी कोरी.

मुंबई इलाख्यात पहिली खानेसुमारी झाली ती २१ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री, दुसरी १७ फेब्रुवारी १८८१ ला. त्या काळी गणना एका रात्रीत उरकत. आधी काही आठवडे घरांवर नंबर टाकायचे, घरातल्या माणसांची कच्ची नोंद करायची, आणि ठरल्या रात्री प्रगणकाने पुन्हा दारोदार जाऊन जो हजर नाही त्याचं नाव खोडायचं, नवा आलेला दिसला तर लिहायचं. त्यासाठी रात्र चांदण्याची निवडत, जत्रा आणि लग्नाच्या तिथी टाळत. (सरकार लग्नाच्या तिथी बघतंय, हे चित्र मला मोठं गमतीचं वाटतं.) दारावरचे नंबर गेरूने नाहीतर कोळशाने लिहिलेले. पुढच्या पावसाळ्यात धुऊन जायचे, उरलेले दिवाळीच्या पोताऱ्यात. यादीचं आयुष्य तेवढंच.

एका रात्रीच्या यादीला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे १९०१ ला उघड झालं. छप्पन्नच्या दुष्काळानंतरची ती गणना. १८९१ ला नगर जिल्ह्याची लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या वर होती, १९०१ ला ती आठ लाख अडतीस हजारांच्या आसपास आली. पण यातली किती माणसं मेली आणि किती पोटामागे परमुलखात गेली, हे तो आकडा सांगू शकत नाही. घर रिकामं, एवढंच त्याला कळतं.

स्वातंत्र्यानंतर एकदा मात्र कायमच्या वहीचा प्रयत्न झाला. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव, घरागणिक एक नोंदवही उतरवून काढली. तिचं नाव राष्ट्रीय नागरिक नोंदवही. हो, तेच नाव जे पुढे आसाममुळे साऱ्या देशात गाजलं. तेव्हा तिचा उपयोग बराच साधा होता. तिच्यातून घरं निवडून गणना किती नेटकी झाली हे तपासलं, तेव्हा हजारी अकरा माणसं सुटल्याचं निघालं. पण वही काही कुणी चालू ठेवली नाही. माणसं मेली, जन्मली, सासरी गेली, गाव सोडून गेली. वही होती तिथेच राहिली. आणि त्या तपासणीतला आकडा? २००१ आणि २०११ या दोन्ही गणनांत देशभरात हजारी तेवीस माणसं सुटली असा अंदाज आहे. साधनं वाढली आणि सुटणारेही वाढले.

१९५० ला सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने यावर आपला तोडगा काढला. शहरांचे छोटे छोटे भाग पाडून त्यांचे नकाशे ठेवायचे आणि ते काही वर्षांनी नवे करायचे, हे काम १९५९ पासून चालत आलंय. खेड्यांसाठी जनगणनेची गावांची यादी घ्यायची, गाव निवडलं गेलं की तिथे जाऊन घरांची यादी स्वतः करायची, आणि पाहणी झाली की ती यादी बाजूला. पुढच्या वेळी त्याच गावात दुसरा माणूस येणार आणि पहिल्या घरापासून सुरुवात करणार.

आमच्या जिल्ह्यात तर 'गावाची यादी' हेच प्रकरण सरळ नाही. १९२६ ला भंडारदरा धरण पुरं झालं. प्रवरेचे कालवे, त्याआधीचे गोदावरीचे कालवे, यांनी राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता हा सगळा पट्टा बागायती झाला. बारे द्यायला रात्री-अपरात्री रानात जावं लागतं, मग माणसं रानातच घरं बांधून राहिली. आता पुष्कळ गावांत गावठाणापेक्षा वस्त्यांवरच लोक जास्त. पण जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. वाडीला, वस्तीला स्वतंत्र क्रमांक नाही. तिथला पत्ता म्हणजे आडनाव आणि पुढे 'वस्ती', फार तर गट नंबर. गावठाणातल्या पत्त्यांची गोष्ट आणखी वेगळी. वाड्यावस्त्यांना जातीची नावं होती, म्हणजे पत्ता सांगितला की जात सांगून झाली. ती नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला.

एवढं सगळं वाचल्यावर कुणी म्हणेल की आपल्याला वह्या ठेवायची सवयच नाही. छे! ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. त्यात गावातली प्रत्येक मिळकत, मालक आणि तिची आकारणी असते, कारण त्यावर घरपट्टी आहे. तलाठ्याकडे सातबारा. आणि ज्यांना ना घर ना जमीन, त्यांचीही वही एकेकाळी सरकारकडे चोख होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या जमातींची नावं, ठावठिकाणा, हजेरी, सगळं पोलिसांच्या रजिस्टरात लिहिलेलं. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा उठला. म्हणजे पैसा वसूल करायचा असेल किंवा संशय असेल, तर आपल्याकडे वह्या वर्षानुवर्षं टिकतात. नुसती माणसं मोजायची यादीच तेवढी दर वेळी धुतली जाते.

याचं आजचं उदाहरण म्हणजे ऊसतोड.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड, आणि शेजारचा बीड जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून नवरा-बायकोच्या जोड्या, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'कोयते', निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. आता तारखा बघा. २०११ च्या जनगणनेची घरयादी महाराष्ट्रात मे-जून २०१० मध्ये झाली. तेव्हा हे लोक घरी. माणसं मोजली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत. तेव्हा गाळप ऐन भरात, घराला कुलूप, नाहीतर आत म्हातारी आणि शाळेत जाणारं नातवंड. नियम असा की जो त्या वीस दिवसांत घरी नव्हताच, त्याला जिथे असेल तिथे मोजायचं. म्हणजे उसाच्या फडाकडेच्या कोपीत. घरयादीत मात्र ती कोपी नाही, कारण यादी झाली तेव्हा तिथे मोकळं रान होतं.

माझी एक मावशी राहुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २००१ ला तिच्याकडे गणनेचं काम आलं. तिच्या भागात कारखान्याकडे ऊस तोडणाऱ्यांचा एक तळ पडला होता. ती दिवसा दोनदा गेली, तळावर दोन लहान पोरं आणि एक शेरडू. मोठी माणसं पहाटे फडात गेलेली. शेवटी पहाटे चारला काकांना घेऊन, बॅटरी हातात धरून गेली. ते लोक चूल पेटवत होते, सांगायला तयारही होते, पण वेळ नव्हता. तेव्हा मुकादमाने आपली वही काढली. त्या वहीत प्रत्येक कोयता होता. नाव, गाव, सोबत कोण आहे, कुठल्या फडात आहे. कारण प्रत्येकाला उचल दिलेली होती. मावशी ती वही समोर ठेवून एकेकाला विचारत गेली. ती म्हणायची, "सरकारच्या यादीत नव्हते गं, मुकादमाच्या यादीत एकही चुकला नव्हता." वहीत नव्हती ती पोरं. पोरांना उचल नसते. ती तिने कोपीत डोकावून मोजली.

२०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रं द्यायचा शासन निर्णय झाला. ही यादी झाली तर ती कर्जाची नसलेली पहिली यादी असेल. शिवाय ड्रोनने गावठाणं मोजायचा प्रयोग आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, मग २०२० पासून स्वामित्व योजनेत देशभर सुरू झाला. मे २०२५ मध्ये टपालखात्याने 'डिजिपिन' आणला. सगळा देश चार मीटरच्या चौकोनांत पाडून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. त्यामुळे वस्तीलाही पत्ता आला, आणि हिशेबाने बघितलं तर कोपीलाही. फक्त फड सरला की कोपी पुढच्या चौकोनात जाते. जिल्ह्याचंच नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा पत्त्यातला 'जि.' सुद्धा स्थिर राहिलेला नाही म्हणा.

कायमची वही असावी का, यावर माझं मत 'असावी' याच बाजूला झुकतं, पण डोळे मिटून नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने गणनेतल्या नोंदी गुप्त राहतात, कोर्टातही त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. कायमच्या वहीला असंच कुलूप नसेल तर ती हजेरीची वही व्हायला वेळ लागणार नाही. २०२० मध्ये लोकसंख्या नोंदवहीवरून लोक का बिथरले हे पारध्यांच्या पालावर कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

कोविडमुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या गणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, मोबाइलवर, प्रत्येक इमारतीचं स्थान नकाशावर नोंदवून. आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, असा कार्यक्रम ठरला. म्हणजे पुन्हा तेच. घरं मोजायची कोयते गावात असताना, आणि माणसं मोजायची ते फडात असताना. याच अधिसूचनेत लडाख आणि हिमाचलसारख्या भागांतल्या बर्फाळ मुलखासाठी संदर्भाची तारीख १ ऑक्टोबर २०२६ अशी वेगळी धरली आहे, कारण फेब्रुवारीत तिथे कुणाच्या दारापर्यंत पोचता येत नाही. पाथर्डीत फेब्रुवारीत दारापर्यंत पोचता येतं. दाराला कुलूप असतं.